प्लेसमेंट सेल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) : विद्यार्थी व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत प्लेसमेंट सेलचा, म्हणजे विद्यार्थ्यांना नोकरी मिळवण्यास मदत करणाऱ्या कक्षाचा, पसारा फार मोठा नसतो. तासिका सांभाळून एका प्राध्यापकाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार, एक संगणक आणि कंपन्यांचे क्रमांक लिहिलेली एक वही, एवढाच तो असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत पूर्णवेळ टीपीओ (प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी) असतात, पण त्यांच्याही वाट्याला शेकडो विद्यार्थी येतात. पूर्वी या कक्षात आलेला विद्यार्थी आधी 'यंदा कोणती कंपनी येणार' असे विचारत असे; आता त्याआधी 'चॅटजीपीटीने लिहिलेला रेझ्युमे चालेल का' हा प्रश्न येतो. आमच्या कक्षात असे नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कक्षाच्या कामात नेमके काय बदलले?

बदल झाला तो मुख्यतः कागदाच्या कामात. कंपनीची जाहिरात वाचून त्यातील टक्केवारीची अट, बॅकलॉगची (राहिलेल्या विषयांची) अट, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि कामाचे ठिकाण वेगळे काढणे, पात्र विद्यार्थ्यांची यादी करणे, त्यांना संदेश पाठवणे आणि रेझ्युमेतील ढोबळ चुका दाखवणे या कामांत पूर्वी दोन-तीन दिवस जात. आता ती एका दुपारी उरकतात. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2016 मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी मोबाइल संदेशांतून उत्तरे देणारा चॅटबॉट सुरू केला, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात त्याने दोन लाखांहून अधिक प्रश्नांना उत्तरे दिली. विद्यार्थ्यांच्या बहुतेक शंका त्याच त्याच असतात आणि अनेकदा त्या रात्री अकरानंतर सुचतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही टीपीओला सांगावे लागणार नाही.

न बदललेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यातील मनुष्यबळ अधिकारी एखाद्या महाविद्यालयात पुन्हा येतो, तो मागच्या वर्षी तेथून नेलेली मुले टिकली आणि कामाला चांगली निघाली म्हणून. ही ओळख फोन करून, कारखान्यात जाऊन आणि माजी विद्यार्थ्यांची विचारपूस करून टिकवावी लागते. यंत्रामुळे वाचलेला वेळ या कामाकडे वळला तरच कक्षात कृत्रिम बुद्धिमत्ता आणल्याचा उपयोग आहे. तो आणखी अहवाल तयार करण्यात गेला, तर विद्यार्थ्यांच्या हाती काहीच पडत नाही.

रेझ्युमे एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

मसुदा सुधारून घेण्यास हरकत नाही; मजकूर निर्माण करून घेण्यास आहे. हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तुम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात गेला होता आणि तेथे ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. 'एनएसएस शिबिरात सहभाग' एवढेच सांगून तुम्ही यंत्राला वाक्य मागितले, तर ते 'ग्रामविकास उपक्रमाचे धोरणात्मक नियोजन करून बहुविध गटांचे नेतृत्व केले' असे काहीतरी भारदस्त लिहून देईल. मुलाखतीत समोरची व्यक्ती विचारते, 'किती जणांचे नेतृत्व केलेत?' आणि तेथेच गाडी अडते. याउलट ओढा कोणत्या गावचा, गटात किती जण, पोती कोठून मिळवली, बंधारा किती दिवसांत झाला आणि त्यात तुमच्याकडे कोणते काम होते, हे सगळे तुम्ही आधी मराठीत लिहून काढले आणि मग 'याचे दोन ओळींत साधे इंग्रजी कर, स्वतःच्या पदरचे काही घालू नकोस' असे सांगितले, तर हाती येणारे वाक्य तुमचे असते आणि मुलाखतीत ते तुम्हाला सांभाळता येते.

दुसरी अडचण सारखेपणाची आहे. एका वर्गातील साठ जणांनी एकच साधन वापरले की साठही रेझ्युमे 'जिद्दी, परिणामाभिमुख आणि शिकण्यास उत्सुक' अशा उमेदवारांचे निघतात. रोज शंभर रेझ्युमे पाहणाऱ्या माणसाला हा साचा पहिल्या ओळीतच ओळखू येतो. अशा गठ्ठ्यात 'वडिलांच्या किराणा दुकानाचा जीएसटीचा हिशेब दोन वर्षे मी ठेवतो' हे एक साधे वाक्य उठून दिसते. विद्यार्थी मात्र नेमके तेच लिहायला लाजतात.

कंपनीचे सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचते, म्हणजे काय करते?

मोठ्या कंपन्यांकडे आलेले अर्ज आधी एका संगणकीय प्रणालीत जातात. ही प्रणाली फाइलमधून मजकूर काढते, त्यातून नाव, शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये वेगळी करते आणि जाहिरातीतील गरजांशी ती ताडून पाहते. पूर्वी ही तुलना शब्दाला शब्द जुळवून होत असे; आता अर्थाच्या जवळिकीवरूनही होते. तरीही मजकूरच नीट निघाला नाही, तर पुढचे सगळे फसते. दोन रकान्यांत मांडलेला रेझ्युमे, चौकटींत भरलेली माहिती किंवा मोबाइलने कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ वाचताना या प्रणाली गडबडतात. म्हणून एकच रकाना, साधी शीर्षके आणि निवडता येणारा मजकूर एवढे पथ्य पाळावे.

आपल्याकडच्या दोन अडचणी बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत सापडत नाहीत. पहिली जुन्या फाँटची. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटच्या जुन्या पद्धतीत टंकलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक मालिका असते. अनुभवाचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र अशा फाँटमध्ये असेल, तर ते युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्यावे. दुसरी अडचण नावाची. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर आधार कार्डावर तो अनेकदा वेगळा असतो. स्पेलिंगमध्येही एखादे अक्षर इकडे-तिकडे असते. माणूस हे समजून घेतो. यंत्र कधी वडिलांच्या नावाला तुमचे आडनाव ठरवते, तर कधी दोन कागद दोन वेगळ्या व्यक्तींचे मानते. सर्व अर्जांत नाव एकाच क्रमाने लिहावे आणि कागदपत्रांतील तफावत अंतिम वर्षाची वाट न पाहता दुरुस्त करून घ्यावी.

यंत्राने केलेली निवड निःपक्षपाती असते का?

यंत्र ज्या जुन्या निवडींवरून शिकते, त्यांतील पक्षपातही ते शिकते. अ‍ॅमेझॉनने 2014 पासून रेझ्युमेंना गुण देणारी एक प्रणाली विकसित केली होती. मागील दहा वर्षांत आलेले रेझ्युमे बहुतांशी पुरुषांचे असल्यामुळे ती महिलांचा निर्देश करणारे शब्द असलेल्या रेझ्युमेंचे गुण कमी करू लागली आणि कंपनीला ती गुंडाळावी लागली. ही गोष्ट 2018 मध्ये रॉयटर्सच्या वृत्तातून बाहेर आली. न्यूयॉर्क शहरात निवडीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा साधनांचे पक्षपाताच्या दृष्टीने लेखापरीक्षण बंधनकारक आहे आणि त्या कायद्याची अंमलबजावणी जुलै 2023 पासून सुरू झाली. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने नोकरभरतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेला उच्च जोखमीच्या वर्गात टाकले आहे.

आपल्याकडे पक्षपात कोणत्या वाटेने शिरू शकतो, याचा विचार महाविद्यालयांनी आपणहून करायला हवा. आडनाव, गावाचा पिनकोड, शिक्षणाचे माध्यम आणि महाविद्यालयाचे नाव या चार गोष्टींतून उमेदवाराची सामाजिक पार्श्वभूमी बरीचशी कळते. ती यंत्राला कोणी सांगितली नाही तरी या खुणांवरून ते अंदाज बांधू शकते. कंपनीशी बोलताना 'पहिली चाळणी यंत्र लावते की माणूस, आणि यंत्राने बाजूला काढलेले अर्ज कोणी पाहते का' हे टीपीओंनी स्पष्ट विचारावे. विचारल्याने कंपनी रागावते, ही भीती निराधार आहे.

कॅमेऱ्यासमोर एकट्याने द्यायच्या मुलाखतीची तयारी कशी करावी?

या मुलाखतीत समोर कोणी नसते. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि मग ठरलेल्या वेळेत उत्तर ध्वनिचित्रमुद्रित होते. चेहऱ्यावरील हावभावांवरून गुण दिले जातात, अशी भीती विद्यार्थ्यांना असते. या क्षेत्रातील हायरव्ह्यू या मोठ्या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचे असे विश्लेषण थांबवत असल्याचे जानेवारी 2021 मध्ये जाहीर केले, आणि युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर काही अपवाद वगळता बंदी घातली आहे. म्हणजे उसने हसू आणण्यापेक्षा उत्तराच्या आशयावर मेहनत घेणे शहाणपणाचे आहे.

आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण जागेची असते. दोन खोल्यांच्या घरात मागून कोणी गेले, शेजारी लाऊडस्पीकर लागला किंवा नेमकी वीज गेली, तर ऑनलाइन परीक्षेवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर ते संशयास्पद वर्तन म्हणून नोंदवते. ज्या महाविद्यालयाला कृत्रिम बुद्धिमत्तेवर खर्च करायचा आहे, त्याने आधी एक शांत खोली, इन्व्हर्टर, चांगले इंटरनेट आणि एक बरा कॅमेरा यांची सोय करून ती खोली विद्यार्थ्यांना तासाच्या हिशेबाने उपलब्ध करून द्यावी. एवढ्या एका सोयीने अनेकांची परीक्षा निर्वेध पार पडेल.

ऑनलाइन मुलाखत चालू असताना एआयकडून उत्तरे घेतली तर?

घेऊ नयेत. डोळे एका रेषेत फिरतात, उत्तराआधी दर वेळी तेवढाच विराम येतो आणि 'हेच जरा तुमच्या प्रोजेक्टच्या संदर्भात सांगा' म्हटले की सूर बदलतो. अशा प्रकारांमुळेच काही कंपन्या किमान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेण्याकडे परत वळत आहेत. शिवाय एकाने केलेल्या लबाडीमुळे कंपनी पुढच्या वर्षी महाविद्यालयात येत नाही, आणि त्याची किंमत त्याच्या धाकट्या भावंडांच्या वयाची मुले मोजतात.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी मुलाखतीच्या सरावासाठी ही साधने उपयोगी आहेत का?

यांचा सर्वांत निखळ उपयोग कोठे असेल, तर येथे आहे. वर्गात चुकीचे इंग्रजी बोलल्यावर उठणारे हसू हे आपल्या विद्यार्थ्यांच्या गप्प बसण्याचे मोठे कारण आहे. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही आणि तोच प्रश्न विसाव्यांदाही शांतपणे विचारते. मोबाइलवरील चॅटबॉटला आवाजातून 'माझी मुलाखत घे, एका वेळी एकच प्रश्न विचार, शेवटी माझ्या तीन चुका मराठीत समजावून सांग' असे सांगून रोज पंधरा मिनिटे सराव करता येतो. आठवड्यातून एकदा मात्र माणसासमोर बसावे, कारण यंत्र फार लवकर शाबासकी देते. मराठीत विचार करून उत्तराचा सांगाडा आधी मराठीतच तयार करावा. आशय पक्का असेल तर मोडक्या इंग्रजीतील उत्तरही ऐकले जाते. केंद्र सरकारने 2022 मध्ये सुरू केलेल्या भाषिणी उपक्रमात मराठीसाठीही भाषांतराची आणि आवाजावर चालणारी साधने आहेत.

एआयमुळे नोकऱ्या कमी होणार का? बी.कॉम. किंवा बीसीए करून काही अर्थ आहे का?

पालकांच्या या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी 2025 च्या अहवालाने 2030 पर्यंत जगभरात 17 कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि 9.2 कोटी नाहीशा होतील असा अंदाज मांडला. त्यामागे एआय हे अनेक कारणांपैकी एक कारण होते. टीसीएसने जुलै 2025 मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हिंजवडीपासून गावातल्या पारापर्यंत चर्चा झाली. कंपनीच्या प्रमुखांनी मात्र याचे कारण कौशल्यांची विसंगती हे सांगितले, एआयने वाचवलेले श्रम हे नव्हे.

धोका सर्वाधिक आहे तो कामाच्या पहिल्या पायरीला. माहिती भरणे, ठरलेल्या साच्यातील ईमेलना उत्तरे देणे, सोप्या प्रोग्रॅमची चाचणी घेणे ही कामे नवशिक्यांना मिळत आणि ती करता करता ते पुढची कामे शिकत. ही पायरी झिजली तर शिकायचे कोठे, हा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच पदवीच्या काळातील प्रत्यक्ष कामाचे महत्त्व वाढले आहे. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने टॅलीत नोंदी करता येण्यावर थांबू नये. यंत्राने केलेल्या नोंदीतील चूक शोधणे, जीएसटीचे विवरण आणि खरेदीची बिले यांचा मेळ घालणे आणि व्यापाऱ्याला फरक समजावून सांगणे त्याला जमले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या ओजेटीला (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला) आता श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून ते मिळवणे म्हणजे तीच पायरी स्वतःच्या हाताने तोडणे आहे.

आयटीआय आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना याची चिंता करण्याचे कारण आहे का?

चिंतेपेक्षा तयारीचे आहे. वेल्डिंगची सरळ, पुन्हा पुन्हा करायची कामे मोटार कारखान्यांत रोबो बऱ्याच वर्षांपासून करतात आणि भागांची तपासणी आता कॅमेरे करू लागले आहेत. पण रोबो अडला तर तो पाहायला माणूस लागतो, आणि शिरोली किंवा सातपूरच्या छोट्या कारखान्यात आजही व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातुकामाचे यंत्र) चालवणारा, ड्रॉइंग वाचणारा आणि मोजमाप अचूक घेणारा कारागीर शोधावा लागतो. फिटरने पीएलसीची (स्वयंचलित यंत्रांच्या नियंत्रकाची) आणि सेन्सरची तोंडओळख करून घेतली, तर त्याला वायरमन आणि प्रोग्रॅमर यांच्या मधली जागा मिळते. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना अजूनही ठाऊक नसते.

एआयचा एखादा कोर्स करावा का? क्लासवाले भरमसाट शुल्क सांगतात.

शुल्क भरण्याआधी स्वयम आणि एनपीटीईएल हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचे उपक्रम पाहावेत. अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, परीक्षेसाठी माफक शुल्क आहे आणि प्रमाणपत्राला वजन आहे, कारण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2025 हे वर्ष कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर प्रमाणपत्रांचे अमाप पीक आले आहे. दोन तासांच्या वेबिनारची दहा प्रमाणपत्रे जोडण्यापेक्षा आपल्या विषयातील एक काम करून दाखवावे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमानाचा तक्ता मांडावा, मराठीच्या विद्यार्थ्याने यंत्राने केलेल्या भाषांतरातील चुकांचे वर्गीकरण करावे. नोकरीची हमी देऊन आधी पैसे घेणाऱ्या क्लासकडे मागील तुकडीतील तीन जणांशी बोलण्याची परवानगी मागावी. उत्तर टाळले गेले तर तेथून उठावे.

शासनाच्या कोणत्या सुविधा आहेत?

राज्याच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करावी. रोजगार मेळाव्यांची माहिती तेथे मिळते. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांच्या शिकाऊ उमेदवारीसाठी नॅट्स ही केंद्र सरकारची योजना आहे आणि पश्चिम विभागाचे तिचे मंडळ मुंबईत आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय व डिप्लोमाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये मासिक विद्यावेतन ठरवले होते. अटी आणि मुदती बदलत असल्यामुळे त्या पोर्टलवरच पाहाव्यात. चॅटबॉटला विचारल्यास तो गेल्या वर्षीचे नियमही तितक्याच ठामपणे सांगतो.

मी एमपीएससी करत आहे. मला याचा काय उपयोग?

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे उत्तराची मांडणी तपासून घेण्यास ही साधने बरी आहेत. महाराष्ट्राचा इतिहास, आकडे आणि चालू घडामोडी मात्र त्यांच्याकडून शिकू नयेत.

माझी माहिती या साधनांत भरणे सुरक्षित आहे का?

आधार क्रमांक, बँकेचा तपशील, जातीचा दाखला किंवा संपूर्ण गुणपत्रिका कोणत्याही चॅटबॉटमध्ये टाकू नये. रेझ्युमे सुधारण्यास यांपैकी कशाचीच गरज नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. विद्यार्थ्यांची यादी कोणत्याही कंपनीला देण्यापूर्वी त्यांची संमती घेणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्वांचे गुण, पत्ते आणि मोबाइल क्रमांक असलेली एक्सेल फाइल टाकण्याची आपली सवय त्यात बसत नाही, हे आम्हा शिक्षकांनाही मान्य करावे लागेल.

नियुक्तिपत्र आले आहे, पण आधी अनामत रक्कम मागत आहेत. काय करावे?

पैसे भरू नयेत. आता बनावट पत्रातील भाषा निर्दोष असते आणि फोनवरचा आवाजही बनावट असू शकतो, त्यामुळे 'इंग्रजी चुकीचे आहे म्हणजे फसवणूक' ही जुनी खूण उपयोगाची राहिलेली नाही. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून तेथे विचारावे. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

महाविद्यालयाने प्लेसमेंटसाठी एआय सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

विक्रेत्याचे सादरीकरण देखणे असते. त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात : मराठी नावे आणि मराठी माध्यमाची पार्श्वभूमी त्याची प्रणाली कशी हाताळते, करार संपल्यावर विद्यार्थ्यांच्या माहितीचे काय होते, आणि ज्या कंपन्या तो दाखवतो त्यांनी आपल्यासारख्या महाविद्यालयातून प्रत्यक्षात कोणाला घेतले आहे. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत) पदवीधरांचे सरासरी नव्हे तर मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे, वेतन पाहिले जाते, त्यामुळे एका मोठ्या पॅकेजच्या फलकाने तेथे काही साधत नाही. लहान महाविद्यालयाने तो पैसा वाणिज्य शाखेच्या एखाद्या होतकरू माजी विद्यार्थ्याला मानधनावर ठेवून कंपन्यांशी संपर्क साधण्यात घातला, तर तो अधिक सत्कारणी लागेल असे माझे मत आहे.

कक्षात भेटीला येताना काय आणावे?

गुणपत्रिकांच्या प्रती, मूळ नावाचा एक पुरावा आणि एक हाताने लिहिलेला कागद आणावा. त्या कागदावर आतापर्यंत केलेली सगळी कामे मराठीत लिहावीत : शेतातली, दुकानातली, गणेश मंडळाच्या हिशेबाची, लहान भावंडांना शिकवल्याची, सगळी. तयार रेझ्युमे आणण्याची आवश्यकता नाही. तो त्या कागदावरून आपण एकत्र बसून तयार करू. कक्ष दुपारी दोननंतर उघडा असतो.